डाग द्यायचा तो कुठे?

मार्च उजाडला की इंजिनिअरिंग कॉलेजांत बीई प्रोजेक्टची प्रदर्शनं भरतात आणि त्यात ईसीजीचं एक तरी टेबल असतंच असतं. मांडणीही ठरलेली. छातीवर चिकटवलेले तीन पॅड, एडी-८२३२ चं मॉड्यूल, आर्डुइनो, ब्लूटूथ आणि मोबाईलच्या पडद्यावर उड्या मारणारी एक रेघ. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. रेघेखाली ‘एआय’ नावाचा प्राणी मोठ्या अक्षरांत ‘नॉर्मल’ असं लिहून जातो. बघणारे खूष, गाईड खूष, एक्स्टर्नल चहाचा कप ठेवून पुढच्या टेबलाकडे.

या प्रोजेक्टना नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. एका मिलिव्होल्टच्या आसपासचा सिग्नल ५० हर्ट्झच्या गोंगाटातून वेगळा काढणं ही काही खायची गोष्ट नव्हे. ज्यांनी ब्रेडबोर्डवर रात्री जागवल्या आहेत त्यांना ते पुरतं ठाऊक आहे. पण त्या टेबलापाशी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ठोका कधी पडला ते कळलं, पण ही वीज हृदयाच्या कुठल्या भागातून निघाली, कुठून कुठे गेली आणि कुठे अडली? ‘कधी’चं उत्तर तीन पॅड देतात. ‘कुठे’चं उत्तर द्यायला नकाशा लागतो, आणि तो नकाशा काढायला इलेक्ट्रोडचा अ‍ॅरे, म्हणजे ओळीने किंवा जाळीत मांडलेले अनेक इलेक्ट्रोड.

आता आपण इंजिनिअर लोक. आपल्याला लगेच वाटतं की तीनाचे तीस करू, तीसाचे तीनशे करू, नकाशा आपोआप चांगला येईल. मेगापिक्सेल वाढले की फोटो चांगला, तसंच! मित्रांनो, माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. हृदयाच्या मॅपिंगचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बघितला तर नुसता आकडा वाढवून फार थोडं हाती लागलेलं दिसतं. खरी सुधारणा झाली ती इलेक्ट्रोड कुठे ठेवला, कोणत्या दिशेने ठेवला, तो टेकला की नाही आणि मधल्या रिकाम्या जागेत आपण काय गृहीत धरलं, हे प्रश्न विचारल्यामुळे. आणि हे प्रश्न डॉक्टरांचे नाहीत, आपले आहेत.

एवढं महत्त्व कशाला?

हृदय हा पंप आहे हे बायोलॉजी सोडलेल्यांनाही आठवत असेल. त्या पंपाचं वायरिंग मात्र तांब्याचं नसून मांसाचंच आहे. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तिथून विजेची लाट निघते आणि वरच्या कप्प्यांमधून साधारण अर्धा ते एक मीटर प्रति सेकंद या वेगाने पसरते. म्हणजे पोटात भूक नसताना आपण मेसकडे जातो, जवळपास त्याच वेगाने! वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोडपाशी ती दहाव्या हिश्श्याचा सेकंद थबकते आणि मग खाली उतरते.

ही शिस्त बिघडली की भानगड. वरच्या कप्प्यांत अनेक लाटा एकाच वेळी वाट्टेल तशा फिरू लागल्या तर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. खालच्या कप्प्यांत जुन्या हार्ट अ‍ॅटॅकच्या व्रणाभोवती लाट गोल गोल फिरत राहिली तर व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. तो काही मिनिटांतही माणूस नेऊ शकतो.

औषधं चालली नाहीत तर एक उपाय म्हणजे कॅथेटर अ‍ॅब्लेशन. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि बिघाडाच्या जागी रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या उष्णतेने ऊतक जाळतात. काही ठिकाणी गोठवतात, आणि गेल्या काही वर्षांत तीव्र विजेचे अगदी छोटे झटके देऊनही हे करता येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘डाग देतात’. डागलेली जागा पुन्हा वीज वाहून नेत नाही.

आता सगळा प्रश्न एकच उरतो. डाग द्यायचा तो कुठे? नकाशा चुकला तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इथे तर बंबाऐवजी आगच चुकीच्या गावी जाते. निरोगी ऊतक जळतं, आणि अर्धवट राहिलेल्या डागामुळे लाटेला फिरायला नवीन वाट तयार होऊ शकते. म्हणून इलेक्ट्रोडच्या नकाशातली काही मिलिमीटरची चूक ही नुसती ग्राफवरची एरर नसते.

बारा लीड, दहा तारा, आठच गोष्टी

१८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी छाती न उघडता माणसाच्या हृदयाची वीज पहिल्यांदा नोंदवली. पुढे नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइन्थोव्हेन यांनी स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर बनवला आणि त्यासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. त्या काळी पॅड कुठले? रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचे, झाले इलेक्ट्रोड. मिठाचं पाणी आणि भांडं एवढं लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

१९३४ साली अमेरिकेत फ्रँक विल्सन यांनी तीन अवयवांचे इलेक्ट्रोड जोडून एक संदर्भबिंदू तयार केला, त्यामुळे छातीवर वेगवेगळ्या ठिकाणी मोजणं शक्य झालं. १९४२ पर्यंत आजचा १२ लीडचा ईसीजी पूर्ण आकाराला आला होता.

इथे एक गंमत आहे, ओरलला हमखास विचारण्यासारखी. १२ लीडच्या ईसीजीला इलेक्ट्रोड लागतात १०. त्यातला उजव्या पायाचा सर्किटच्या सोयीसाठी. उरले ९. व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं असतं, म्हणजे ९ बिंदूंमधून स्वतंत्र माहिती मिळते फक्त ८. बाकीच्या चार लीड म्हणजे निव्वळ बेरीज-वजाबाकी. पहिली लीड अधिक तिसरी लीड बरोबर दुसरी, हा आइन्थोव्हेनचा नियम म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपला किरचॉफ आहे. कागदावर बारा रेघा दिसल्या म्हणून बारा गोष्टी कळल्या असं नाही. रेघांची संख्या वेगळी आणि माहिती वेगळी. पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

मेसचा वास आणि तिसरा मजला

मग लोकांना वाटलं की छातीवर भरपूर इलेक्ट्रोड लावून बघू. १९६३ साली इटलीच्या ब्रुनो ताकार्दी यांनी छाती आणि पाठ मिळून सुमारे २०० ठिकाणी मोजून शरीराच्या पृष्ठभागावरच्या व्होल्टेजचे नकाशे प्रसिद्ध केले. १२ लीडमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी त्यात दिसल्या, हे खरंच. पण हा नकाशा छातीचा होता. आपल्याला हवा हृदयाचा.

छातीवरच्या मोजमापांवरून हृदयावर काय चाललंय ते काढणं याला इनव्हर्स प्रॉब्लेम म्हणतात. हा प्रकार काय आहे ते होस्टेलवाल्यांना लगेच कळेल. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून वासावरून मेसमध्ये काय शिजतंय ते सांगणं आपल्याला जमतं. फोडणी पडली, लसूण जळला, इथपर्यंत बिनचूक. पण कुठल्या शेगडीवर जळला? ते नाही सांगता येत. जिन्यातून वर येईपर्यंत सगळे वास एकमेकांत मिसळलेले असतात. आता कॉरिडॉरमध्ये तीसऐवजी तीनशे मुलं नाक वर करून उभी केली तरी फरक पडणार नाही, कारण शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांना तोच वास येतो.

छातीतही तेच. हृदय आणि त्वचा यांच्या मध्ये फुप्फुसं, हाडं, स्नायू, चरबी. विजेच्या नकाशातले बारकावे त्वचेपर्यंत येताना पुसले जातात. जवळजवळच्या दोन इलेक्ट्रोडवर बहुतांश सारखाच सिग्नल येतो. १९७८ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात रॉबर्ट लक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की १९२ इलेक्ट्रोडनी काढलेला छातीचा नकाशा, नीट निवडलेल्या तीसेक इलेक्ट्रोडवरून बऱ्याच अंशी उभा करता येतो. म्हणजे दीडशेहून जास्त इलेक्ट्रोड बरंचसं तेच तेच सांगत होते.

वर आणखी एक अडचण. उलटं गणित सोडवताना मोजमापातली बारीकशी चूक उत्तरात प्रचंड मोठी होते. गणितवाले अशा प्रश्नाला ‘इल-पोज्ड’ म्हणतात. त्यावर उतारा म्हणून रेग्युलरायझेशन वापरतात. त्याचा मतितार्थ असा, की फार वेडंवाकडं उत्तर आलं तर त्याला दंड करायचा आणि गुळगुळीत उत्तराला झुकतं माप द्यायचं. उत्तर शांत होतं खरं, पण त्यासोबत खरे बारकावेही इस्त्री होऊन जातात. नकाशा देखणा दिसतो, मात्र त्यातलं किती मोजलेलं आणि किती गृहीत धरलेलं, हे बघणाऱ्याला समजत नाही.

मग यावर प्रगती झालीच नाही का? झाली. अमेरिकेत क्लीव्हलँडला योराम रूडी यांच्या गटाने २००४ साली माणसांवर हे तंत्र करून दाखवलं. २२४ इलेक्ट्रोडचं जॅकेट आणि सोबत सीटी स्कॅन. मला विचाराल तर त्या कामातला मोलाचा भाग २२४ हा आकडा नाही. त्याच माणसाच्या छातीत त्याचं हृदय नेमकं कुठे आणि कोणत्या आकाराचं आहे, आणि प्रत्येक इलेक्ट्रोड त्यापासून किती अंतरावर आहे, ही भूमिती त्यांनी स्कॅनवरून नेमकी घेतली, हा खरा भाग.

आत शिरलं तरी सुटका नाही

कोणी म्हणेल, बाहेरून वास घेत बसण्यापेक्षा सरळ स्वयंपाकघरातच का शिरू नये? डॉक्टर तेच करतात. कॅथेटरच्या टोकावर इलेक्ट्रोड असतो, तो हृदयाच्या भिंतीला टेकवतात. १९९७ साली इस्रायलमध्ये लिओर गेपस्टीन आणि श्लोमो बेन-हैम यांनी चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने कॅथेटरच्या टोकाची जागा ठरवून एकेक बिंदू टिपत हृदयाचा त्रिमिती नकाशा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पण एकेक बिंदू टिपायचा म्हणजे सुईने विहीर खणणं. म्हणून अ‍ॅरे आले. पाच पाकळ्यांवर मिळून २० इलेक्ट्रोड असलेलं कॅथेटर, ६४ इलेक्ट्रोडची टोपली, ४ बाय ४ अशी १६ इलेक्ट्रोडची छोटी जाळी. आता काही मिनिटांत हजारो बिंदू मिळतात.

आणि इथे सेकंड इयरचं इलेक्ट्रॉनिक्स येतं. दूरचा गोंगाट घालवायला शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधला फरक घेतात, आपलं नेहमीचं डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर. समजा दोन इलेक्ट्रोडमध्ये ३ मिलिमीटर अंतर आहे आणि लाटेचा वेग ०.६ मीटर प्रति सेकंद आहे. लाट त्यांना जोडणाऱ्या रेषेवरून आली तर पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जायला तिला ५ मिलिसेकंद लागतात. दोन्ही सिग्नल वेगवेगळ्या वेळी येतात, वजाबाकी झक्क येते. आता तीच लाट आडवी आली, म्हणजे त्या रेषेला काटकोनात. ती दोन्ही इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी पोचते. दोन्ही सिग्नल सारखे. वजाबाकी? जवळजवळ शून्य! कॉमन मोड म्हणून आपण ज्याला हाकलतो, त्याच्याबरोबर खरा सिग्नलही हाकलला गेला.

परिणाम बघा. या नकाशांमध्ये ०.५ मिलिव्होल्टपेक्षा कमी दिसलं तर ती जागा दाट व्रणाची, म्हणजे मेलेली, असं मानण्याचा प्रघात आहे. ऊतक ठणठणीत जिवंत आहे, लाट त्यातून व्यवस्थित जातेय, फक्त इलेक्ट्रोडची जोडी चुकीच्या कोनात पडली, आणि नकाशावर ती जागा मेलेली म्हणून रंगली. असे इलेक्ट्रोड एकाच दिशेने शंभर लावा. शंभरही तोच खोटा निरोप देतील, आणि शंभर जण एकमुखाने सांगतात म्हणून आपण त्यावर जास्त विश्वास ठेवू.

यावरचा उपाय इलेक्ट्रोड वाढवणं हा नव्हता. जाळीच्या मांडणीत उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही दिशांच्या जोड्या मिळतात. एकीला लाट दिसली नाही तर दुसरीला दिसते. त्याच्याही पुढे जाऊन शेजारच्या तीन-चार इलेक्ट्रोडवरून तिथल्या विद्युत क्षेत्राचा व्हेक्टर काढतात आणि लाट ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेचा घटक घेतात. याला ओम्निपोलर मॅपिंग म्हणतात. फर्स्ट इयरला व्हेक्टरचे घटक पाडताना ‘याचा आयुष्यात काय उपयोग’ असं ज्यांनी विचारलं असेल, त्यांना हा उपयोग!

आकाराचंही तसंच. पेशी ‘चालू’ व्हायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. लाटेचा वेग अर्धा मीटर प्रति सेकंद धरला तर लाटेची धार जेमतेम मिलिमीटरभर जाडीची येते. इलेक्ट्रोड त्याहून बराच मोठा असेल तर तो त्या धारेची सरासरी काढून टाकतो. आणि टेकण्याचा प्रश्न तर विचारूच नका. टोपलीवर इलेक्ट्रोड ६४ असतात, पण हृदयाचा कप्पा काही फुटबॉलसारखा गोल नसतो. त्यातले कितीतरी भिंतीला टेकतच नाहीत, रक्तात तरंगत दूरचं काहीबाही ऐकत राहतात.

टोपलीचं गणित मी इथेच मांडतो. ६० मिलिमीटर व्यासाची, ८ पाकळ्यांची टोपली उघडली तर मध्यावरचा परीघ साधारण १८८ मिलिमीटर. दोन पाकळ्यांमधलं अंतर २३ मिलिमीटरच्या पुढे. मिलिमीटरभर जाडीच्या धारेसाठी २३ मिलिमीटरची जाळी! ढेकूण धरायला व्हॉलीबॉलचं नेट लावल्यासारखं आहे हे. पण पडद्यावर मात्र रंगांची अखंड, सळसळती फिल्म दिसते. मधले रंग भरतं कोण? सॉफ्टवेअर.

२०१२ साली कॅलिफोर्नियात संजीव नारायण यांच्या गटाने अशाच ६४ इलेक्ट्रोडच्या टोपलीवरून फिब्रिलेशनमधले ‘रोटर’, म्हणजे भोवरे, शोधून तिथे डाग दिल्याचे फार चांगले निकाल प्रसिद्ध केले. पुढे वेगवेगळ्या केंद्रांवर निकाल एकसारखे आले नाहीत आणि त्यावर बराच वाद झाला. २०१५ साली आणखी एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ५८९ रुग्ण, तीन गट. एका गटात फक्त फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा वेगळ्या केल्या. दुसऱ्यात त्याशिवाय नकाशावर गुंतागुंतीचे सिग्नल दिसतील तिथे जादा डाग दिले. तिसऱ्यात जादा रेषा ओढल्या. १८ महिन्यांनी फिब्रिलेशन परत न आलेले रुग्ण अनुक्रमे ५९, ४९ आणि ४६ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता, पण जास्त डागण्याचा फायदा दिसला नाही एवढं मात्र स्पष्ट झालं.

आणि त्या फुप्फुसशिरांची गोष्ट कुठून आली? १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या कामातून. ४५ रुग्णांमध्ये त्यांनी फिब्रिलेशन सुरू करणाऱ्या ६९ जागा शोधल्या, त्यातल्या ६५ या शिरांच्या आत होत्या. त्यांच्याकडे शेकडो इलेक्ट्रोडचं जॅकेट नव्हतं. जिथे सहसा कोणी कॅथेटर नेत नव्हतं तिथे त्यांनी तो नेला. त्या एका ‘कुठे’ने जगभरचा उपचार बदलला.

मग अ‍ॅरे नकोतच का?

असं कोण म्हणतंय? दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर हा लेख एकतर्फी व्हायचा. २०१७ साली सेंट लुईसच्या डॉक्टरांनी व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाच्या ५ रुग्णांवर एक धाडसी उपचार केला. सगळे इलाज थकलेले रुग्ण. उपचाराआधीच्या तीन महिन्यांत पाचांना मिळून ६,५७७ वेळा हा त्रास झालेला. २५६ इलेक्ट्रोडचं जॅकेट घालून बिघाडाची जागा शोधली, ती हृदयाच्या स्कॅनमधल्या व्रणाशी ताडून पाहिली आणि कॅन्सरसाठी वापरतात तशा किरणोत्साराचा एकच डोस बाहेरूनच तिथे नेमका सोडला. पहिले सहा आठवडे सोडले तर पुढे रुग्णांचे सगळे महिने एकत्र धरून ४६ महिन्यांत झटके आले फक्त ४. एक रुग्ण तीन आठवड्यांनी पक्षाघाताने दगावला, हेही सांगितलं पाहिजे. आणि पाच रुग्णांवरून जग जिंकल्याचा दावा करता येत नाही. पण कॅथेटर हृदयात न घालता नेम धरता आला, हे अ‍ॅरेचं यशच आहे. इथे प्रश्न नेमका होता, आणि नकाशाला स्कॅनची दुसरी साक्ष होती.

दुसरं उदाहरण आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. २०१० साली जॉन रॉजर्स, ब्रायन लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या धडधडत्या हृदयाला चिकटणारी लवचीक सिलिकॉनची पट्टी केली. तिच्यावर २८८ इलेक्ट्रोड आणि २,०१६ ट्रान्झिस्टर, म्हणजे दर इलेक्ट्रोडमागे ७. कशासाठी? प्रत्येक इलेक्ट्रोडमागे एक तार काढली तर २८८ तारांचा जुडगा होतो, मग पट्टी लवचीक राहून काय उपयोग? म्हणून सिग्नल तिथल्या तिथे अ‍ॅम्प्लिफाय करून मल्टिप्लेक्स केला. २८८ जागा १६ बाय १८ अशा मांडल्या तर ओळी आणि स्तंभ मिळून ३४ ताराही पुरतात. ही पट्टी भिंतीला अंगाबरोबर चिकटते, म्हणजे ‘टेकण्या’चा प्रश्न त्यांनी आकड्याच्या आधी सोडवला. याला मी सुधारणा म्हणतो.

‘आपल्याकडे साधा ईसीजी मिळत नाही’

हा आक्षेप मला होस्टेलच्या कट्ट्यावरच ऐकू येतोय. तालुक्याच्या गावी साधा ईसीजी वेळेवर निघत नाही तिथे २५६ इलेक्ट्रोडची चैन कशाला? आक्षेप रास्त आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातात मावणारं, मोबाईलवरून १२ लीडचा ईसीजी पाठवता येईल असं टेली-ईसीजी यंत्र बनवलं ते याच गरजेपोटी. अशा कामाची गरज संपलेली नाही.

पण धडा तिथेही तोच आहे. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीत लावायचे असतात. ते एक-दोन फटी वर लागले तर धडधाकट माणसाच्या ईसीजीतही जुन्या हार्ट अ‍ॅटॅकसारखा आकार दिसू शकतो. दोन हातांच्या तारा अदलाबदल झाल्या की पहिली लीड चक्क उलटी येते. यंत्र उत्तम, नेटवर्क उत्तम, शहरातला डॉक्टर उत्तम, आणि तरी निदान चुकतं. दहा इलेक्ट्रोड असोत की अडीचशे, ‘कुठे’ची शिस्त सुटली की सगळं फुकट.

‘एआय लावू, ते सगळं सावरून घेईल’ म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर. आडव्या लाटेचा सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरपाशीच शून्य झाला तर पुढे कुठलंही नेटवर्क तो परत आणू शकत नाही. ते फार तर इतरांच्या हृदयांवरून अंदाज बांधून रिकामी जागा भरेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक बादली पुरे

आता टीका खूप झाली, करायचं काय ते सांगतो. त्यासाठी हॉस्पिटल नको, रुग्ण नको, परवानग्यांचे कागद नकोत. एक प्लॅस्टिकचा टब किंवा होस्टेलची बादली घ्या, त्यात मिठाचं पाणी भरा. मध्ये दोन टोकांचा एक छोटा डायपोल लटकवा आणि फंक्शन जनरेटरने त्याला बारीकसा सिग्नल द्या. हे झालं हृदय. बादलीच्या भिंतीवर आतून ३२ इलेक्ट्रोड बसवा, ही झाली छाती. १६ चॅनलचे दोन मल्टिप्लेक्सर, एक चांगला इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर, एडीसी. सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. मग भिंतीवरच्या व्होल्टेजवरून डायपोल कुठे आहे ते काढा.

हा पोरखेळ नाही. माणसाच्या धडाच्या आकाराच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत प्राण्याचं जिवंत हृदय टांगून युटाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हेच संशोधन झालं आहे. अशा प्रयोगांचा डेटा एडगर नावाच्या संग्रहात मोफत मिळतो, आणि इनव्हर्स प्रॉब्लेमसाठी एससीआयरन हे युटाचंच सॉफ्टवेअरही मोफत आहे. बादलीची सगळ्यात मोठी खुबी म्हणजे खरं उत्तर तुम्हाला माहीत असतं, कारण डायपोल तुम्हीच ठेवलेला असतो. माणसाच्या छातीवर ती सोय नाही. चूक किती मिलिमीटरची आली ते पट्टीने मोजता येतं. मग ३२ चे १६ करा, ८ करा. एक इलेक्ट्रोड मुद्दाम सैल करा. डायपोल फिरवा. इलेक्ट्रोडची जागा गणितात एक सेंटिमीटरने चुकीची द्या. कशाने चूक वाढते आणि कशाने फारशी वाढत नाही, याचा तक्ता करा. (आणि कोणी माणसाच्या अंगावर इलेक्ट्रोड लावणारच असेल तर सर्किट आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर. चार्जर काढून ठेवा. यात चेष्टा नाही.)

सर आणि मॅडम मंडळींना एक नम्र विनंती. बायोमेडिकलचा प्रोजेक्ट समोर आला की पडदा बघण्याआधी तीन प्रश्न विचारा. इलेक्ट्रोडमधलं अंतर कशावरून ठरवलं? कोणत्या दिशेची लाट या मांडणीला दिसणार नाही? आणि खरं उत्तर कुठून माहीत आहे? या तीन प्रश्नांना उत्तर असेल तर आठ इलेक्ट्रोडच्या बादलीलाही पैकीच्या पैकी मार्क द्या. नसेल तर ६४ चॅनल आणि रंगीत अ‍ॅनिमेशन असलं तरी हात आखडता घ्या.

आणि मित्रांनो, आपल्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर ‘९८ टक्के अ‍ॅक्युरसी’ छापण्याऐवजी एवढंच छापा: आमचा नकाशा इतक्या मिलिमीटरने चुकतो, आणि अमुक कारणाने चुकतो. उद्या तुमच्यापैकी कोणी खरंच कॅथेटर किंवा जॅकेट बनवणाऱ्या कंपनीत गेला, तर टेबलावर झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने तोच आकडा मोलाचा असणार आहे. डॉक्टर डाग देणार तुमच्या नकाशावर विश्वास ठेवून. तो विश्वास किती मिलिमीटरपर्यंत ठेवायचा, हे त्याला सांगणं आपलं काम आहे.